ओव्हर घ्यायला कोणी आलं नाही

आईनं मला पहिल्यांदा ओळखलं नाही, त्या दिवशी तिनं माझी नाडी पाहिली. मी ऑफिसातून आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या. ती खुर्चीतून उठली, माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवत राहिली आणि म्हणाली, "ठीक आहे. बसा. तुमच्याबरोबर कोण आलंय?"

मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.

आई नर्स होती. नागपूरकडच्या एका खेड्यातून अठराव्या वर्षी ट्रेनिंगसाठी पुण्यात आली आणि इथल्याच एका मोठ्या सरकारी दवाखान्यात तिनं चौतीस वर्षं नोकरी केली. घरातही तिचं चालणं वॉर्डातल्यासारखंच असायचं, भरभर पण आवाज न करता. सकाळी बुद्धवंदना, मग डबे, मग ड्यूटी. वडील गेल्यावर ती येरवड्याला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात दोन ट्रंका होत्या. एकीत साड्या होत्या. दुसरीत काय आहे ते मी तेव्हा उघडून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

माझी नोकरी हिंजवडीला होती. तिथे तेव्हा शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उठत होत्या आणि आमची बस अर्धा रस्ता खणलेल्या मातीतून जायची. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्यांनी बांधलेलं कुठे मोडेल ते आधीच शोधून काढायचं. दिवसभर काय काय बिघडू शकतं याचाच विचार करायची सवय लागली की ती घरी येताना ऑफिसात ठेवून येता येत नाही. आईच्या बाबतीत मी सगळा विचार केला होता. गॅसला वेगळी चावी, दाराला वरची कडी, गळ्यात पत्त्याचा बिल्ला. ती हरवेल, पडेल, भाजेल, याची तयारी होती. तिच्यामुळे दुसऱ्या कोणाला काही होईल, हे माझ्या यादीत नव्हतं.

शनिवार होता. सुट्टी असूनही परदेशातल्या क्लायंटशी फोनवर मीटिंग चालू होती. नवरा मुलीला घेऊन बाहेर गेला होता, त्याच्यामागे दाराची वरची कडी लावायची राहून गेली होती. मीटिंग संपवून मी स्वयंपाकघरात गेले तर गॅसवर पातेलं. खाली बारीक आच, आत पाणी रटरटत होतं. चावी मीच सकाळी ओट्यावर विसरले होते. पातेल्याशेजारी स्टीलचा लांबट डबा उघडा पडला होता, पूर्वी सिरिंज उकळायला वापरायचे तसा. तो रिकामा होता. आणि आमचं पुढचं दार सताड उघडं होतं.

समोरच्या फ्लॅटचंही दार उघडं होतं. तिथली सून गच्चीवर कपडे काढायला गेली होती. आत, सतरंजीवर, आई मांडी घालून बसली होती. त्यांचं सहा महिन्यांचं बाळ तिनं मांडीवर पालथं घेतलं होतं. त्याच्या मांडीवरचा चिमूटभर भाग कापसानं पुसून चकचकीत झाला होता. आईच्या उजव्या हातात काचेची सिरिंज होती. सुई वर धरून ती आतली हवा काढत होती. इतक्या सराईतपणे, की क्षणभर मलाच वाटलं, करू दे, तिला येतं.

मी तिच्या हातावर फटका मारला. सिरिंज फरशीवर फुटली. बाळ दचकून रडायला लागलं. तेवढ्यात सून कपड्यांचा ढीग घेऊन दारात आली.

"डोस राहिला त्याचा," आई माझ्याकडे बघून रागानं म्हणाली. "तुम्ही डॉक्टरांना काय सांगणार?"

सिरिंजमध्ये नुसतं उकळलेलं पाणी होतं. मी ते तीन-तीनदा सांगितलं. सुनेनं बाळाला उचललं, छातीशी धरलं आणि आम्ही बाहेर पडताच दार लावून घेतलं. त्यानंतर ते दार मला कधी उघडं दिसलं नाही. आईच्या हातांवर माझं लहानपण वाढलं होतं. त्या दिवसापासून मला त्या हातांची भीती वाटायला लागली. ती भाजी निवडायला बसली तरी मी विळी कुठे आहे ते बघायची.

पुढच्याच महिन्यात मी तिला बाणेरच्या पुढे, एका बंगल्यातल्या केंद्रात ठेवलं. स्मृतिभ्रंशाच्या माणसांसाठीची अशी केंद्रं पुण्यात तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. इथे चौदा जण होते. केंद्र चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी भरायला दिलेल्या अर्जात एक प्रश्न होता, दुसऱ्याला इजा होईल असं काही वर्तन आहे का. माझं पेन तिथे थांबलं. 'हो' लिहिलं असतं तर घेतलं नसतं. नोकरी सोडावी लागली असती, किंवा आईला दिवसभर कुलपात ठेवावं लागलं असतं.

मी 'नाही' लिहिलं.

बंगला स्वच्छ होता, माणसं वाईट नव्हती. पण दिवसाला आकार नव्हता. नाश्ता झाला की सगळ्यांना हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवायचे. अकरा वाजता एक मुलगी यायची, सगळ्यांना गोलात बसवून चेंडू फेकायला लावायची, नाहीतर रंगवायला चित्रं द्यायची. पोपट, कमळ, आगगाडी. पहिल्याच आठवड्यात आईच्या हातात खडू दिला तेव्हा तिनं तो परत केला.

"हे काय चाललंय?" ती म्हणाली. "माझा वॉर्ड कोण बघतंय?"

दुपारी चार वाजले की तिचं खरं दुखणं सुरू व्हायचं. ती उठून पुढच्या दाराशी जाऊन उभी राहायची. पर्स काखेत, पदर खोचलेला. बसा म्हटलं की बसायची नाही, चहा दिला तर घ्यायची नाही. पाय थरथरायला लागायचे तरी दाराची चौकट सोडायची नाही. विचारलं की एकच उत्तर, "ओव्हर घ्यायला कोणी आलं नाही." एका पाळीची नर्स पुढच्या पाळीच्या नर्सला वॉर्डाची सगळी माहिती सांगते, कोणाला काय दिलं, कोणावर लक्ष ठेवायचं. त्याला ओव्हर देणं म्हणतात. ती दिल्याशिवाय घरी जाता येत नाही. आई त्या दारात रोज तीन-तीन तास अडकून पडायची. एकदा मी ऑफिसातून लवकर निघून गेले, तेव्हा तिला तशी बघितली. तिचा चेहरा घाबरलेल्या नव्या मुलीसारखा झाला होता. "मी गेले आणि मागे कोणाला काही झालं तर?" ती मला विचारत होती. मी तिची मुलगी आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

"आई, सुट्टी झाली तुझी. तू रिटायर झालीस," मी म्हणाले.

तिनं काखेतली पर्स आणखी घट्ट धरली.

हे कोडं डॉक्टरांना सुटलं नाही, मॅडमना नाही, मला नाही. ते सोडवलं तिथल्या एका मावशींनी. मुळशीकडच्या गावातून रोज पहाटेच्या एसटीनं यायच्या. आंघोळी घालणं, भरवणं, चादरी बदलणं हे त्यांचं काम. एका संध्याकाळी त्या हात पुसत आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, उशीर झाला मला, माफ करा. द्या ओव्हर. मी हाय आता."

मी तिथेच होते. आईनं एक मोठा श्वास सोडला. पर्स खाली ठेवली. आणि सांगायला लागली. "एक नंबर बरी आहे. तीन नंबर, दुपारी जेवली नाही, घास गालात धरून ठेवते. सहा नंबरचे साहेब, डावा पाय सुजलाय, बोटानं दाबलं की खड्डा पडतोय. डॉक्टरांना दाखवा. नऊ नंबर रडते, तिच्याजवळ बसा थोडं."

मावशी प्रत्येक वाक्याला "बरं, बरं" म्हणत होत्या. सगळं सांगून झाल्यावर आई खुर्चीवर बसली आणि दोन पोळ्या खाल्ल्या. मॅडमनी जाऊन सहा नंबरच्या साहेबांचा पाय पाहिला. खरंच सुजलेला होता. ते मोजे घालून असायचे, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"ताई, तुमची आई येडी न्हाई," निघताना मावशी मला फाटकापाशी म्हणाल्या. "तिला घरला जायाचंय, पन वार्ड कुनाच्या हवाली करनार? काम द्या तिला. बसवून ठिवलं की मानूस घाबरतंय."

मॅडमनी ते मनावर घेतलं. आईला एक टेबल मिळालं. त्यावर गॉजचा तागा, बोथट कात्री, पत्र्याचा डबा. ती सकाळभर गॉजचे चौकोन कापून, घड्या घालून डबा भरायची. एकही कडा बाहेर दिसायची नाही. अकरा वाजता ट्रे घेऊन मावशींबरोबर राउंड. प्रत्येकाच्या कपाळाला हात लावायची, नाडी पाहायची, कोऱ्या कागदावर काहीतरी लिहायची. चार वाजता ओव्हर. तिचं वजन वाढलं. केस विंचरलेले असायचे. ज्या बायका कोणाला हात लावू देत नसत, त्या तिच्याकडून पावडर लावून घ्यायच्या.

मॅडम खूष होत्या. म्हणाल्या, "इतका फरक मी कोणात पाहिला नाही."

आणि मी? मला झोप लागेना. तिच्या हातात ट्रे दिसला की मला सतरंजीवरचं बाळ दिसायचं. सांगून टाकावं असं रोज वाटायचं. सांगितलं तर ते टेबल जाईल, कदाचित जागाही जाईल. नाही सांगितलं आणि काही झालं तर? दर रविवारी मी ठरवून जायची आणि आईला डबा भरताना बघून गप्प परत यायची. ऑफिसात फोन टेबलावर पालथा ठेवायची. तो थरथरला की आधी नंबर बघायची.

एका मंगळवारी दुपारी तो थरथरला. केंद्राचा नंबर.

"तुम्ही लगेच या," मॅडम म्हणाल्या. मागे कोणीतरी ओरडत होतं. "तुमच्या आईंनी… सहा नंबरच्या साहेबांना हॉस्पिटलमध्ये नेतोय आम्ही. या तुम्ही."

रिक्षा मिळेपर्यंत मी जवळजवळ धावतच निघाले होते. कुठून मिळाली असेल सुई? बाळाच्या प्रसंगानंतर मी तिची ट्रंक तपासली होती, दुसरा डबा नव्हता. की होता? त्यांच्या केंद्रात इन्शुलिन असतं, फ्रिजला कुलूप असतं का? बाणेरच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी स्वतःशीच बडबडत होते. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "मॅडम, बरं वाटतंय ना?" "लवकर चला," मी म्हणाले.

हॉलमध्ये टीव्ही बंद होता. एवढी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती. आईच्या खोलीला बाहेरून कडी होती. मॅडम साहेबांबरोबर गेल्या होत्या. मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, डोळे लाल.

"काय केलं तिनं?" मी विचारलं.

मावशींनी सांगितलं ते असं. जेवणानंतर त्या चादरी वाळत घालायला मागे गेल्या होत्या. आई तेवढ्यात एकटीच साहेबांच्या खोलीत गेली. तिच्या ट्रेमध्ये पेरूच्या फोडी होत्या. साहेबांना गिळायला त्रास व्हायचा, त्यांना सगळं मऊ करून द्यावं लागायचं. आईनं त्यांना फोड भरवली. ती घशात अडकली. मावशी परत आल्या तर साहेब काळेनिळे पडलेले आणि आई त्यांना स्वतःच्या दंडावर पुढे वाकवून पाठीत मुठीनं दणके घालत होती. मग तिनं त्यांच्या तोंडात बोटं घातली.

"मला वाटलं, मारती त्यास्नी. मी वरडले, तिला वढली. पन तिनं सोडलं न्हाई. फोड काडली, मंगच सोडलं. तिच्या मुठीत व्हती." मावशींनी नाक पुसलं. "तिनंच घातली अन् तिनंच काडली. आता काय म्हनायचं, ताई?"

पेरू मी आणले होते. रविवारी, मार्केट यार्डातून, आईला आवडतात म्हणून. कापून, मीठ लावून, डब्यात भरून कपाटात ठेवले होते. बाहेरचं खाणं केंद्राच्या ऑफिसात द्यायचं असा तिथला नियम होता. आई एकटीच खाईल, त्यात काय, असं मला वाटलं होतं.

कडी काढून मी आत गेले. आई खाटेच्या कडेला बसली होती. उजवा हात मांडीवर उताणा. बोटांवर दातांच्या खुणा होत्या, रक्त वाळलं होतं.

"पेशंट कसा आहे?" तिनं विचारलं.

"बरा आहे," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं.

"मेट्रन बोलावतील मला." ती डाव्या हातानं पदराचं टोक चोळत होती. "मेमो देतील."

मी तिचा हात धुतला. इतक्या दिवसांनी तो हातात घेताना मला भीती वाटली नाही, कारण माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती.

साहेब दोन दिवसांनी परत आले. छातीत थोडा जंतुसंसर्ग झाला होता, तो आटोक्यात आला. त्याआधीच, त्याच संध्याकाळी, मी मॅडमना बाळाची आणि सिरिंजची गोष्ट सांगितली. त्यांनी आईची फाइल काढून अर्ज उघडला. मग म्हणाल्या, "अर्जात तुम्ही 'नाही' लिहिलंत."

"हो."

"मला माहीत असतं तर मी त्यांना घेतलं असतं. पण एकटं सोडलं नसतं. मावशींना सांगितलं असतं. तुम्ही आम्हाला आंधळं ठेवलंत."

मला वाटत होतं त्या आईला घेऊन जा म्हणतील. तसं त्या म्हणाल्या नाहीत. पण टेबल उचललं गेलं. गॉज, डबा, ट्रे, सगळं. डॉक्टरांनी शांत राहायची गोळी सुरू केली. मीच म्हटलं, करा.

पहिले काही दिवस आई चार वाजता दाराशी गेली. मावशी ओव्हर घ्यायला आल्या तर तिच्याकडे सांगायला काही नव्हतं, कारण तिनं कोणाला पाहिलंच नव्हतं. नंतर तिनं दाराशी जाणंही सोडलं. टीव्हीसमोर मान छातीवर टाकून बसायची, लाळ पदरावर. तीन आठवड्यांत ब्लाउज ढगळ झाले. सगळं सुरक्षित होतं. फोन वाजत नव्हता. आणि मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटत होती, कारण आता काही घडायची वाट बघायचीही गरज उरली नव्हती.

साहेबांच्या पत्नीची माफी मागायला मी मुद्दाम एका गुरुवारी गेले. त्या शनिवार पेठेतून रोज बसनं यायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक, ताठ, चष्मा दोरीला. साहेबांना सूप भरवून झालं होतं. मी काय बोलायचं ते पाठ करून आले होते.

"अहो, पण माफी नक्की कशाची?" त्यांनी मधेच थांबवलं. "पेरूची, की पाठीत घातलेल्या गुद्द्यांची? गुद्द्यांची असेल तर परत घ्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी धीर झाला नाही."

मला हसू आलं नाही. रडूच आलं. त्यांनी रुमाल दिला नाही, पाण्याचा पेला पुढे केला.

"घाबरले मी," त्या जरा थांबून म्हणाल्या. "हॉस्पिटलमध्ये दोन दिवस उशाशी बसून यांचे श्वास मोजत होते. आपण फॉर्मात खोटं लिहिलंत हे मॅडमनी मला सांगितलं. राग आला. अजून आहे." मग त्यांनी साहेबांची शाल सारखी केली. "पण एक बघा. इथे यांना सगळे आजोबा म्हणतात. आजोबा, तोंड उघडा. आजोबा, पाय वर. हे मोठ्या कारखान्यात इंजिनिअर होते. आपल्या आई रोज सकाळी येऊन विचारायच्या, साहेब, झोप लागली का? आणि हे उत्तर द्यायचे. सहा महिने माझ्याशी शब्द बोलले नाहीत, त्यांना मात्र 'हो सिस्टर, लागली' म्हणायचे. आता त्या येत नाहीत तर हे सकाळी दाराकडे बघत बसतात."

"परत काही झालं तर?" मी विचारलं.

"होईल की. घाबरायचं तर आपण आणि मी घाबरू. ते आपल्या दोघींचं काम आहे. त्यांना कशाला टीव्हीसमोर बसवता?"

त्या स्वतः उठून मॅडमच्या खोलीत गेल्या. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. गोळी अर्धी झाली, मग बंद झाली. पुढच्या आठवड्यात टेबल परत आलं. नियम ठरले. ट्रेमध्ये खायचं काही नाही. राउंडला मावशी कायम एक हात अंतरावर. आणि शनिवारी, मावशींच्या सुट्टीच्या दिवशी, तो एक हात अंतरावरचा माणूस मी.

आईला मी कोण ते माहीत नव्हतं. तिनं मला नवी स्टुडंट ठरवलं. मी चादर घातली की ती उचकटायची. "कोपरा असा? मेट्रननी पाहिलं तर काय म्हणतील? परत कर." मी परत करायची. कोपरा कसा दुमडायचा, पेशंटला न उठवता खालची चादर कशी सरकवायची, सगळं शिकवलं. लहानपणी तिला मला काही शिकवायला वेळच नव्हता. राउंडच्या वेळी मी तिच्या हातांवरून नजर काढायची नाही. ती कोणाच्या तोंडाजवळ हात नेऊ लागली की माझाही हात पुढे जायचा. एकदा तिच्या ते लक्षात आलं.

"इतकी घाबरतेस कशाला?" ती म्हणाली. "पहिल्या वर्षी सगळ्याच घाबरतात."

"सिस्टर, तुम्हाला कशाची भीती वाटायची?" मी विचारलं.

ती घड्या घालत राहिली. मला वाटलं प्रश्न पोचला नाही. मग गॉजकडे बघतच म्हणाली, "पाण्याची."

"पाण्याची?"

"औषधाबरोबर पाणी द्यायचं ना. काही जण आडनाव विचारायचे. मी सांगायचे. मग ते भिंतीकडे तोंड करायचे. पेला हातात धरून मी उभी. राउंडला डॉक्टर येतील, म्हणतील हिनं औषध दिलं नाही. दुसऱ्या कोणाला तरी बोलवायला जायचं." तिनं चौकोन डब्यात ठेवून तळव्यानं दाबला. "घेतलं कोणी माझ्या हातून, की मला बरं वाटायचं. दिवसभर."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. वडिलांना सांगितलं होतं का, मला माहीत नाही. मी तिच्याशेजारी बसून चौकोन कापत राहिले. माझे वाकडे येत होते, ती ते बाजूला टाकत होती.

असं सात-आठ महिने चाललं. दोनदा आम्ही पुन्हा घाबरलो. एकदा ती ट्रेसकट पायरीवरून घसरली. एकदा तिनं नऊ नंबरच्या बाईंची पाटली काढून स्वतःच्या पदरात बांधून ठेवली आणि कुठे ते तिलाच सांगता येईना. दोन्ही वेळा निभावलं. मग पावसाळ्याच्या अखेरीला कात्री कशी धरायची ते ती विसरली. आम्ही कापलेले चौकोन दिले. काही आठवडे घड्या घातल्या. मग तेही गेलं. साहेब दिवाळीच्या आधी गेले, झोपेत. त्यांच्या पत्नी त्यानंतरही अधूनमधून गुरुवारी येत राहिल्या. आईच्या खाटेशी बसून मला म्हणायच्या, "सवय झालीय बसची. दुसरं काही नाही."

आई पुढच्या वर्षी न्यूमोनियानं गेली, भर दुपारी. मावशी आणि मी दोघी तिथे होतो. मावशींनी खालची चादर सरकवायला घेतली, दुसऱ्या बाजूनं मी. नव्या चादरीचे कोपरे मी तिनं शिकवले तसेच दुमडले.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. चष्मा कुठे ठेवला ते आठवलं नाही, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडलं, की मी जागच्या जागी थांबते. हे नेहमीचं, की सुरुवात? डॉक्टर म्हणतात, काही नाही, ताण आहे. पण माझी खरी भीती विसरण्याची नाही. आईचं सगळं गेलं तरी तिच्या हातांना चौतीस वर्षांचं काम आठवत होतं. माझ्या हातांनी इतकी वर्षं काय केलं? कीबोर्डच्या कळा दाबल्या. ज्यांची सॉफ्टवेअर मी तपासली, ती केव्हाच बंद पडली. माझ्यातलं सगळं गेल्यावर माझे हात काय शोधतील?

मागच्या महिन्यात जेवताना मी मुलीला विचारलं, "मला असं काही झालं, तर मला करायला काय द्याल?"

तिनं फोनवरून मान वर केली. मी चेष्टा करत नाही हे तिला कळलं असावं, कारण तिनं थोडा विचार केला.

"लॅपटॉप देऊ ना," ती म्हणाली. "बंद केलेला."

नवरा हसला. तीही हसली. मी ताटं उचलायला लागले.